पोरांना गंडवा, पण कसं गंडवलं ते त्यांनाच शोधू द्या

चिंचगूळ

तर झालं असं की सुट्टीत आमच्याकडे मिरजेला एकूण पाच पोरं जमली, माझी दोन, नणंदेची दोन आणि खालच्या मजल्यावरचं एक जे फक्त झोपायला स्वतःच्या घरी जातं. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट लपवला, तिसऱ्या दिवशी कळलं की त्याने फक्त भांडणं वाढतात. मग आठवली माझ्या मामाने लहानपणी माझ्यावर केलेली बाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाण्याची रिकामी एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, बुडाजवळ टाचणीने सात-आठ भोकं पाडायची, बादलीत बुडवून काठोकाठ भरायची, पाण्यातच झाकण घट्ट लावायचं आणि गळ्याला धरून अलगद बाहेर काढायची. पोटाला दाबायचं नाही. एक थेंब गळत नाही. फडक्याने पुसून टेबलावर ठेवायची आणि वर चिठ्ठी, "कृपया उघडू नये".

आमच्याकडे बळी सासरे. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, "का म्हणून उघडू नये?" म्हणाले, बाटली उचलून मांडीवर घेतली आणि झाकण फिरवलं. सात चिळकांड्या, पायजमा ओला. पोरं लोळून हसली. सासरेही हसले, पण दोन मिनिटांनी.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मामाने तेव्हा मला कारण सांगितलंच नव्हतं, "तूच शोध" म्हणाला आणि एसटी पकडून गावी गेला, आणि मी चार दिवस मोरीत बाटल्या घेऊन बसले होते. म्हणून मी पण तोंड उघडलं नाही. एवढंच म्हणलं की ज्याला कुणाला गंडवायचंय त्याने स्वतःची बाटली स्वतः करायची, माझी मिळणार नाही. भाच्याने (वय ९) जोशात भोकं पाडली, वर दोन, मध्ये तीन, खाली चार, बाटलीची चाळणी. भरली, झाकण लावलं, बाहेर काढली तर बंद असूनही भळाभळा गळायला लागली! "मामीची बाटली जादूची आहे, माझी साधी आहे" म्हणून रडारड. मी गप्प. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तासभर नुसता चिखल, आणि मग आमचं धाकटं सहा वर्षांचं येडं एकदम म्हणालं, "आई बघ, वरचं भोक श्वास घेतंय."

खरंच घेत होतं. वरच्या भोकातून बुडबुडे आत जात होते आणि खालच्यातून पाणी बाहेर. मग त्यांनीच वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि गळणं थांबलं. मी फळ्यावर हवेचा दाब लिहून वर्षभर शिकवलं असतं तरी "श्वास घेतंय" हे वाक्य आलं नसतं.

तुम्ही काय काय केलंय? असले खोडसाळ प्रयोग सांगा, अजून सुट्टीचे तीन आठवडे आहेत आणि माझ्याकडचा माल संपला.

पावटा

+१, वाचनखूण साठवली. सासऱ्यांना साष्टांग नमस्कार.

एक बाळबोध शंका. वरच्या भोकातून हवा आत गेली म्हणून गळली हे कळलं. पण मग नुसती खालचीच भोकं असतात तेव्हा त्यातल्याच एखाद्यातून हवा का शिरत नाही? कोण अडवतं तिला?

जुनाखडू

पावटा, शंका बाळबोध अजिबात नाही. मी तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं, एवढ्या वर्षांत हे विचारणारी पोरं दोन-तीनच भेटली.

बाहेरच्या हवेचा दाब साधारण १० मीटर उंच पाण्याचा खांब तोलून धरेल एवढा असतो. तुमची बाटली २५-३० सेंटिमीटरची, म्हणजे हवेच्या दृष्टीने किरकोळ माल. पण नुसता दाब पुरत नाही, नाहीतर बंद बाटली उघडी करून उलटी धरली तरी पाणी सांडलं नसतं. तिथे एका बाजूने पाणी येतं आणि दुसऱ्या बाजूने हवा घुसते, म्हणून गुडुगुडू आवाज येतो. टाचणीच्या भोकात पाण्याच्या पृष्ठभागाचं ताणलेलं कातडं असतं, पृष्ठताण म्हणतो आपण, आणि भोक जितकं बारीक तितकं ते कातडं फोडून बुडबुडा आत शिरणं अवघड. सगळी भोकं एका उंचीवर असली की सगळीकडे दाब सारखा, कुणीच कुणाला हरवत नाही. वरचं आणि खालचं यात चार बोटांचं अंतर पडलं की खालच्याला पाण्याचा जास्त भार मिळतो, तो जिंकतो, आणि वरचं कातडं फाटतं. भाच्याची बाटली म्हणून गळली. खरं सांगायचं तर त्याचीच बाटली तुमच्या बाटलीपेक्षा चांगला प्रयोग आहे.

आता पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि बघा काय होतं. मी सांगणार नाही.

पावटा

खिक्. मास्तर पण मामासारखेच निघाले.

कडीपत्ता

आमच्याकडे हळद. रविवारी मटण झालं की पोरांची बोटं पिवळी असतातच. मी मुद्दाम वाटीत कपडे धुवायचा साबण कालवून ठेवला आणि म्हणलं यात बोटं बुडवा, जो खोटं बोललाय त्याची बोटं लाल होतील. मोठ्याने बुडवली, झाली लालभडक. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, एका मिनिटात फ्रीजमधल्या श्रीखंडाची कबुली मिळाली!! मग धाकटीने न बोलता बुडवली, तिचीही लाल, आणि ती म्हणते मी तर काहीच केलं नाही, तुझं मशीन खराब आहे. तिथून सगळं सुरू झालं. लिंबू पिळलं की परत पिवळं. खायचा सोडा, चुना, शाम्पू, ताक, चिंचेचं पाणी, घरातलं जे मिळेल ते हळदीच्या कागदावर टाकून बघितलं. ताक नि चिंच टाकून ढिम्म, चुन्याला लगेच लाल. शाम्पूने काहीच झालं नाही म्हणून धाकटी फार नाराज.

सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या यात काय नवीन, मुका मार लागला की हळद-चुन्याचा लेप लावतो तो लालच होतो की. आणि पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग आधी लाल होतो, हे तर आपण सगळ्यांनी बघितलंय. मी चाळीस वर्षं बघत आले आणि कधी विचारलं नाही का होतं ते, याचंच जास्त वाईट वाटलं.

गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली तर अजून मजा येते, लिंबाने जांभळं-गुलाबी आणि सोड्याने हिरवट. "निळं सरबत" म्हणून द्यायचं आणि समोर लिंबू पिळायचं.

सायकलपंक्चर

लई भारी धागा काढलासा.

आमी कॉलेजात असताना कोल्हापुरात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यक्रमांना जायचो. बुवाबाजीचे चमत्कार आधी करून दाखवायचे आणि मग फोडायचे असा कार्यक्रम असायचा. त्यातलं एक घरी बिनधास्त करण्यासारखं आहे, लिंबातनं रक्त. सुरीच्या पात्यावर लाल जास्वंदीच्या पाकळ्या खसाखसा घासायच्या आणि वाळू द्यायचं. पात्याकडं बघून कुणाला फारसा संशय येत नाही. मग भानामती-बिनामतीचं वातावरण करून लिंबू कापायचं, आतनं लालबुंद रस. गावाकडं एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतली म्हातारी उठून नमस्कार करायला लागली, तेव्हा आमच्या कार्यकर्त्याने पटकन पाकळ्याच वाटल्या सगळ्यांना आणि म्हणाला घ्या, तुमी बी बुवा व्हा. म्हातारीनं दोन पाकळ्या पदराला बांधून घरी नेल्या, नातवाला दाखवायला.

दाभोलकरांनी १९८९ ला समिती सुरू केली, तेव्हापास्नं हेच चाललंय, की चमत्कार बघून गप बसायचं नाय, करून बघायचं. आमच्या पोराला मी हाच एक चमत्कार शिकवलाय आणि तो आता वर्गात पाच रुपये घेऊन दाखवतो, ते बरोबर का चूक ते मला अजून ठरवता येईना.

जुनाखडू

पाच रुपये घेतो म्हणजे बुवाच झाला की तो. (हलकेच घ्या.)

पण यानिमित्ताने माझी एक जुनी तक्रार मांडतो. गंमत-प्रयोगांचा आता बाजार झालाय. कोल्ड्रिंकमध्ये त्या पुदिन्याच्या गोळ्या टाकायच्या, कारंजं उडालं की टाळ्या, व्हिडिओ, घरी जा. व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी. माझ्या नातीच्या शाळेत प्रदर्शन होतं, तिथे एकवीस ज्वालामुखी होते, त्यातल्या कुठल्याही पोराला विचारलं की फसफसतो तो वायू कुठला तर लाव्हा असं उत्तर मिळालं. बक्षीस ज्याचा रंग चांगला होता त्याला. याला विज्ञान म्हणायचं असेल तर मग दिवाळीतला भुईनळ पण विज्ञान.

चिंचगूळताईंचा प्रयोग मला आवडला तो फसला म्हणून. पोरांना दोन बाटल्या मिळाल्या, एक गळणारी आणि एक न गळणारी, आणि फरक शोधायचा होता. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांपासून होशंगाबाद विज्ञान म्हणून कार्यक्रम सुरू झाला होता, तिथे हेच करायचे, खेड्यातल्या सरकारी शाळेतली पोरं स्वतः प्रयोग करणार, निरीक्षण वहीत लिहिणार, उत्तर पुस्तकात छापलेलं नाही. परीक्षेत पुस्तक-वही जवळ ठेवायची परवानगी. तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. आपले अरविंद गुप्ता टेल्कोतली नोकरी करता करता १९७८ मध्ये सुट्टी काढून तिकडेच गेले होते, आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार करायचं ते काम तिथलंच. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं कचऱ्यातून खेळणी करत बसायचे, ज्यांची पोरं तेव्हा लहान होती त्यांना आठवत असेल.

सायकलपंक्चर

आठवतंय तर. पण मास्तर, आता सायकलच्या दुकानात व्हॉल्व ट्यूब मागून बघा. पोरगं तोंडाकडं बघत बसतंय. म्हणतंय ऑनलाईन मागवा.

लोणचंपोळी

थोडा विरोधी सूर लावते, रागावू नका. माझ्या मुलीला (८) गंडवलेलं अजिबात आवडत नाही. तिच्या मावसभावाने तिला कच्चं अंडं उकडलेलं म्हणून दिलं, तिने टेबलावर आपटलं, सगळे हसले आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तुम्ही सगळे "पोरं लोळून हसली" लिहिताय, पण ज्याच्यावर हसतात ते पोर काय शिकतं? की मी मूर्ख आहे. मला तरी यात विज्ञान दिसत नाही.

कडीपत्ता

लोणचंपोळी, पटलं. माझ्या मोठ्याला पण ती खोटारड्याची गंमत जरा लागलीच होती, नंतर मी सॉरी म्हणले. आता नियम केलाय, बळी मोठा माणूसच.

चिंचगूळ

अगदी बरोबर मुद्दा. माझ्याकडे पण सासरे बळी होते ते काही योगायोगाने नाही, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाचा अपमान होत नाही, फक्त पायजमा बदलावा लागतो.

अंड्याचंच सांगते, मुलीला आधी कटात घे. तिला एकटीला दाखव की दोन्ही अंडी टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवली की उकडलेलं सुळसुळ फिरतं आणि कच्चं लडबडत फिरतं. अजून भारी म्हणजे फिरणाऱ्या अंड्याला बोट लावून क्षणभर थांबवायचं आणि लगेच सोडायचं, उकडलेलं तिथेच थांबतं आणि कच्चं परत आपलं आपण फिरायला लागतं, कारण आतला बलक थांबलेलाच नसतो. मग मावसभाऊ आला की तिने दहा अंड्यांतनं उकडलेलं बरोबर उचलून दाखवायचं. कारण नाही सांगायचं त्याला, किमान एक आठवडा.

लोणचंपोळी

एक आठवडा?? ती एक महिना सांगणार नाही बघ.

फणसाचागरा

आमच्या आजोळी मालवणजवळ एक पितळी वासुदेव प्याला होता. वाटीसारखा, मध्ये टोपलीत कृष्ण घेतलेला वसुदेव. पाणी ओतत गेलं की कृष्णाच्या पायाला पाणी लागेपर्यंत चढतं आणि पाय लागला की खालच्या भोकातून सगळं पाणी निघून जातं, शेवटच्या थेंबापर्यंत. आजी गोष्ट सांगायची की यमुनेने पाय धुतले आणि वाट दिली. आम्ही सात-आठ भावंडं दर मे महिन्यात तोंडाचा आ करून बघायचो. कोणी विचारलं नाही की वाटीला भोक आहे तर मग आधी का गळत नव्हती.

मागच्या वर्षी मुलाबरोबर प्लास्टिकच्या ग्लासात केला. वाकणारी स्ट्रॉ, ग्लासच्या बुडाला भोक, स्ट्रॉची लांब दांडी त्यातून खाली आणि आतल्या बाजूला वाकवून आखूड टोक बुडाजवळ. वाकण पाण्याखाली गेलं की सुरू. सायफन, म्हणजे वाकड्या नळीतून पाणी आपोआप ओढलं जाणं, दुसरं काही नाही. पण पहिले तीन ग्लास फुकट गेले, भोकाभोवती कणिक लावली ती भिजून निघाली, मग मेण लावलं ते सुटलं, शेवटी एम-सील. चिरंजीवांना सायफन समजला की नाही माहीत नाही पण एम-सील कितीला मिळतं आणि सुकायला किती वेळ लागतो हे आयुष्यभर लक्षात राहील.

गंमत अशी की भावाच्या पोरीला मी सरबत दिलं त्यात आणि सांगितलं "अर्धाच भरून पी, हावरटपणा केलास तर सगळं जाईल". तिने अर्थातच काठोकाठ भरलं.

फ्रँकफुर्टवाली

हसून हसून पुरेवाट. इकडे बसून वाचतेय आणि कालनिर्णयाच्या मागच्या पानासारखं वाटतंय, सगळ्यांच्या आज्या आल्या.

माझ्या बाबांनी लहानपणी आमची सावली चोरली होती. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला, गच्चीवर उभं केलं, म्हणाले आता साडेबारा वाजता तुझी सावली माझ्या खिशात येणार. आणि खरंच, पायाखाली उरली तेवढीच! आम्ही दोघी बहिणी उड्या मारून बघत होतो की पायाखालून सुटते का. मग बाबांनी सांगितलं कोल्हापूरच्या काकांची सावली आठवड्यापूर्वीच चोरलीय आणि नागपूरच्या आत्याची अजून दहा-बारा दिवसांनी चोरणार आहे, आणि मी फोन लावून आत्याला सावध केलं होतं.

माझ्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला चल करूया. कसं करणार, इथे सूर्य डोक्यावर येतच नाही, कर्कवृत्ताच्या उत्तरेला कधीच नाही. त्याला वाटलं मी बनवतेय. आता भारतात आल्यावर दाखवायचं ठरलंय पण तिकीट निघतं ते डिसेंबरचं.

पावटा

साडेबाराला का? सूर्य डोक्यावर बाराला येतो ना?

फ्रँकफुर्टवाली

हे मी पण बाबांना विचारलं होतं! आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, ते जातं अलाहाबादजवळून (आताचं प्रयागराज). पुणे त्याच्या पश्चिमेला जवळजवळ ९ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटं. गुणाकार करा, त्यात सूर्याच्या स्वतःच्या लहरीपणाची तीन-चार मिनिटं वजा. बाबांनी गच्चीवरच खडूने करायला लावला होता, चटके बसत होते.

चिंचगूळ

अरे देवा, म्हणजे आमच्या मिरजेची तारीख ६-७ मेच्या आसपास, गेली की! दुसरी संधी ऑगस्टच्या सुरुवातीला आणि तेव्हा ढग. पुढच्या वर्षी नक्की.

भुईनळ

नावावरूनच कळेल की मी काय सांगणार. नका करू असलं एक.

जांभळे परमँगनेटचे खडे आणि ग्लिसरीन. मंत्राने होम पेटवायचा म्हणून. मी कुठेतरी बघितलं आणि दोन्ही पोरांना समोर बसवून ओट्यावर केलं. काहीच होईना. दहा सेकंद, वीस सेकंद. म्हणलं ग्लिसरीन जुनं असेल, आणि वाकून बघायला गेलो. तेव्हाच पेटलं. डाव्या भुवईचे केस गेले, ओट्याच्या कडेचं सनमायका काळं झालं ते अजून तसंच आहे आणि बायकोने त्यावर कुंडी ठेवलीय. पोरं मागे होती म्हणून वाचलो. आपोआप पेटणाऱ्या गोष्टीला उशीर लागला की तीच सगळ्यात धोक्याची वेळ असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर आग, ॲसिड, संडास साफ करायचं काहीही, हे वगळा. कॅरमच्या सोंगट्यांची चळत करा आणि स्ट्रायकरने सगळ्यात खालची उडवा, वरची चळत जागच्या जागी खाली बसते. तेवढ्यात जडत्व होतं. भुवई राहते.

सायकलपंक्चर

कुंडीत काय लावलंय?

भुईनळ

कोरफड. भाजल्यावर लावायला.

चिंचगूळ

सगळ्यांचे आभार, लिंबू-जास्वंद झालं, हळद झाली, वासुदेव प्याला चालू आहे (आम्ही कणकेच्या पायरीवर आहोत, फणसाचागरा, अजून एम-सील आणलं नाही, मुद्दाम).

साबणाचे थेंब टाकून बघितले. मास्तर, एका बाटलीतली भोकं जरा वरखाली होती पण टिकून होती, ती साबण टाकल्यावर गळायला लागली. दुसरी, सरळ रेषेतली, टिकली. भाच्याने वहीत लिहिलंय "साबणाने कातडं पातळ होतं". मी दुरुस्त केलं नाही, करायला हवं का?

आणि एक नवीनच झालंय. काल सासऱ्यांसाठी परत बाटली लावली, यावेळी गच्चीवर, ते उन्हात पेपर वाचतात तिथे. त्यांनी ओळखली, हात लावला नाही, पेपर वाचत बसले आणि पोरं जिन्यातून बघत वैतागली. पाऊण तासाने बाटली आपोआप गळायला लागली, कुणी झाकण न उघडता, थेंब थेंब. आता वाद चालू आहे. भाचा म्हणतो झाकण सैल होतं. धाकटा म्हणतो की ती बाटली घाईत अर्धीच भरली होती आणि आतल्या हवेला उकडलं. आज सकाळी दोन बाटल्या ठेवल्यात उन्हात, एक पूर्ण भरलेली आणि एक अर्धी, दोन्ही झाकणांवर टेप, खाली दोन वाट्या. सासरे खुर्ची घेऊन राखण करतायत आणि मला वर यायला बंदी आहे.

जुनाखडू

वाट्यांतलं पाणी मोजायला सांगा. चमच्याने चालेल.